पहिली ५० किमी डोंगरी शर्यत : बेळगावात राहून तयारी कशी करायची?

पहाटपळ (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, नमस्कार. डिसेंबरमधल्या एका डोंगरी शर्यतीत नाव घातलंय. अंतर ५० किमी, एकूण चढ १८०० मीटर, उतार तेवढाच, मुदत ११ तास. डांबरी रस्त्यावरची २१ किमी मी २ तास १० मिनिटांच्या आसपास पळतो. डोंगरात मात्र फक्त चालण्याची सवय आहे, पळण्याची नाही. रोजचा सराव व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात, म्हणजे सगळा सपाट. नोकरी सहा दिवसांची, त्यामुळे आठवडाभर सकाळचा तासभर मिळतो आणि रविवार मोकळा असतो.

विचारायचं ते असं. ११ तास पुरतील का? आपल्याकडे चढ-उताराचा सराव कुठे करावा? पळताना खायचे पाकिटातले एनर्जी जेल महाग पडतात, घरचं काही खाऊन चालेल का? आणि लांब उतार पळत उतरलो की उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतंय, त्याचं काय करू?

घाटपायी (खानापूर)

आधी ११ तासांचा हिशेब मांडू, म्हणजे बाकीच्या प्रश्नांना दिशा येईल.

डोंगरात चालण्याचा एक जुना नियम आहे, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली मांडलेला. सोप्या आकड्यांत सांगायचं तर ५ किमीला १ तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. तुमच्या शर्यतीला लावून बघा : ५० किमीचे १० तास, १८०० मीटरचे ३ तास, एकूण १३. म्हणजे नुसतं चालून ही शर्यत मुदतीत बसत नाही. पण सगळीकडे पळायचीही गरज नाही.

मार्गाचे ढोबळ तीन भाग धरा. चढाचे १५ किमी ताशी साडेतीनच्या गतीनं चाललात तर ४ तास १७ मिनिटं. सपाट आणि किरकोळ वर-खालीचे २० किमी ताशी ७ नं पळालात तर २ तास ५१ मिनिटं. उताराचे १५ किमी ताशी साडेसहानं उतरलात तर २ तास १८ मिनिटं. झाले ९ तास २६ मिनिटं. पाण्याच्या ५ ठिकाणी सहा-सहा मिनिटं थांबलात तरी १० तासांच्या आत येता. तासभर हातात राहतो आणि तो लागतोच, कारण दुसऱ्या अर्ध्यात गती पडते.

आता या आकड्यांकडे नीट बघा. २ तास १० मिनिटांत २१ किमी पळणाऱ्याला ताशी ७ ही गती अवघड नाही. चढ तर चालायचाच आहे. वेळ जाते ती उतारावर. मांड्या संपल्या की ताशी साडेसहाचे ४ होतात आणि त्या १५ किमीला सव्वादोनऐवजी पावणेचार तास लागतात. पहिली शर्यत करणारा माणूस दमसास वाढवण्यात चार महिने घालवतो आणि उताराची तयारीच करत नाही. तुमची तयारी उताराभोवती बांधा.

अजून एक. ११ तासांची मुदत शेवटच्या रेषेची असते, मधल्या टप्प्यांच्या मुदती वेगळ्या असतात आणि कधी कधी जास्त कडक. त्या कागदाच्या पट्टीवर लिहून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून, मनगटावर बांधा. दमल्यावर डोक्यात बेरीज होत नाही.

जांबोटी_रोड

घाटपायी यांचा हिशेब बरोबर आहे. सरावाच्या जागांचं सांगतो.

सगळ्यात सोयीचा राजहंसगड. येळ्ळूरकडून वर गाडीरस्ता जातो, शिवाय पायवाटा आहेत. रस्त्यानं चढायचं, पायवाटेनं उतरायचं. रस्त्याच्या चढावर पावलांची लय बसते आणि पायवाटेच्या उतारावर पाय टाकायला शिकता येतं. एका फेरीत घड्याळ किती मीटर चढ दाखवतंय ते एकदा मोजा आणि पुढचा हिशेब फेऱ्यांत करा. सुरुवातीला आठवड्याला एकूण ३०० मीटर चढ पुरे. बाराव्या आठवड्यापर्यंत तो १००० ते १२०० वर न्या.

दुसरी जागा देवरवाडीचं वैजनाथ आणि वरचा महिपाळगड. शिनोळीवरून जवळ पडतं. इथली वाट जास्त खडबडीत आहे, झाडीतून आहे, शर्यतीच्या वाटेशी जास्त जुळते. महिन्यातून दोन रविवार इथे द्या.

लांब पण सौम्य चढ-उताराला पिरनवाडी-किणये-जांबोटी रस्त्याची बाजू चालते. पण गोव्याकडची वाहनं सुसाट असतात, तेव्हा उजेड झाल्याशिवाय नको.

नोकरी सहा दिवसांची असली तरी आठवडा बसतो. मंगळवार आणि गुरुवार व्हॅक्सिन डेपोत तासभर सावकाश. सपाट जागा वाईट नाही, सावकाश पळायला तीच बरी. बुधवारी पळायचं नाही, ताकदीचे व्यायाम. शनिवारी संध्याकाळी काम सुटल्यावर ६० ते ७५ मिनिटं आणि रविवारी पहाटे लांब सराव. शनिवारच्या दमलेल्या पायांवर रविवार करायचा, हाच त्यातला मुद्दा आहे. शर्यतीच्या तिसाव्या किलोमीटरला पाय जसे असतात तसे ते एका दिवसाच्या सरावात कधीच होत नाहीत.

रविवारचा सराव किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. अडीच तासांपासून सुरू करून दर आठवड्याला २०-२५ मिनिटं वाढवा, चौथ्या आठवड्याला एक तृतीयांश कमी करा. सगळ्यात लांब सराव ५ ते साडेपाच तासांचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्याहून लांब केलात तर भरून यायला दहा-बारा दिवस जातात आणि मिळत काही नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर आधी ६० टक्क्यांवर आणि मग ४० टक्क्यांवर आणा, पण पळण्याचे दिवस तेवढेच ठेवा.

चढ कधी पळायचा, कधी चालायचा? सलग दोन वाक्यं बोलता येत नसतील तर चालायला लागा. हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, पाऊल पडेल तसा दाब द्यायचा. कमरेतून वाकू नका, छाती दबते आणि श्वास अपुरा पडतो.

फिजिओताई

उतारावर नेमकं काय होतं ते सांगते, मग गुडघ्याकडे येते.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आखडण्याऐवजी ताण घेत लांबत असतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्यात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. पण एकदा अशी इजा होऊन भरून आली की पुढचे काही आठवडे तोच स्नायू त्याच उताराला फारसा दाद देत नाही. ही शरीरानं दिलेली सवलत आहे, ती वापरा. मोठ्या उताराचा शेवटचा सराव शर्यतीच्या १४ ते २१ दिवस आधी करा. शेवटच्या आठवड्यात केलात तर दुखऱ्या मांड्या घेऊन उभे राहाल. दीड-दोन महिने उतारच केला नाहीत तर सवलत निघून जाते.

उतरण्याची पद्धत : पावलं छोटी आणि पटापट. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. घाबरून मागे झुकलात की टाच आधी टेकते, गुडघा ताठ होतो आणि सगळा धक्का वर जातो. हात बाजूला मोकळे सोडा, तोल सांभाळतात. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे.

आता उजवा गुडघा. बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या जरा वर, काही अंतर गेल्यावरच आणि उतारावर जास्त, असं असेल तर बहुतेक आयटी बँडचा त्रास आहे. मांडीच्या बाहेरून येणारी ती जाड पट्टी गुडघ्याच्या हाडाजवळ दाबली जाते. मूळ पुष्कळदा कमरेत असतं. बाजूचा नितंबस्नायू कमजोर असला की एका पायावर वजन येताच कमर खाली कलते. आरशासमोर एका पायावर अर्धं बसून बघा. गुडघा आत वळतो का?

पुढचे दोन-तीन आठवडे पळत उतरणं बंद. चढा पळत-चालत, उतरा सावकाश चालत. आठवड्यातून तीनदा हे करा : कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, जरा मागे ठेवून उचलणं, १५ चे ३ संच. २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं, उतरायला मोजून ३ सेकंद, प्रत्येक पायाला १२ चे ३ संच. पोटरीसाठी पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली, १५ चे ३ संच, आणि हे एका पायावर जमेपर्यंत नेत जा. फोम रोलरनं (मांडीखाली घेऊन लोळवायचा फोमचा गोल लोड) बरं वाटतं, पण ती पट्टी लांबत नाही, तेव्हा व्यायामाच्या जागी रोलर नको. रस्त्याच्या कडेचा उतार नेहमी एकाच बाजूनं पायाखाली येत असेल तर दिशा बदलून पळा.

सूज आली, गुडघा अडकला किंवा चालतानाही दुखायला लागलं तर मात्र हे सगळं थांबवून हाडाच्या डॉक्टरना दाखवा.

गोळ्यांबद्दल ठामपणे सांगते. शर्यतीच्या आधी किंवा मध्ये आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नको. पाणी कमी झालेलं असतं, मूत्रपिंडाकडे रक्त कमी जात असतं, त्यात ही गोळी तो रक्तपुरवठा आणखी आवळते. लघवी चहाच्या रंगाची झाली तर जवळच्या टप्प्यावर थांबायचं आणि डॉक्टरना सांगायचं. तुटलेल्या स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात जात असल्याची ती खूण असू शकते.

घाटपायी (खानापूर)

खाण्याचं राहिलं. घरचं उत्तम चालतं, फक्त मोजून खायचं.

शरीरात साठलेली साखर स्नायू आणि यकृत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. दहा तासांत ती संपते, म्हणून तासाला ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदकं आत गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, २५ ग्रॅम गुळात २३, बिया काढलेल्या ३० ग्रॅम खजुरात २२ च्या आसपास, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात १८ ते २०. जेलच्या एका पाकिटात बहुतेक २० ते २५ असतात. म्हणजे एक केळं आणि गुळाचा एक खडा यांत तासाचं काम होतं.

बटाटे छोटे घ्या, सालीसकट उकडा, सोलून मिठात घोळवून पिशवीत भरा. दुपारी गोड नको वाटायला लागतं तेव्हा हेच पोटात जातात. गूळ उन्हात पाघळतो, तो बटरपेपरमध्ये २५-२५ ग्रॅमच्या पुड्या करून ठेवा. घड्याळाला दर २५ मिनिटांचा गजर लावा आणि भूक नसली तरी खा. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

कुंदा आणि करदंट शर्यतीनंतर. कुंद्यात दुधाची चरबी, गोकाकच्या करदंटात डिंक आणि सुका मेवा. दोन्ही पोटात बराच वेळ बसून राहतात. पळताना पोटाकडचं रक्त पायांकडे गेलेलं असतं, जड पदार्थ पचत नाही आणि मळमळ सुरू होते. मळमळ झालीच तर दहा-पंधरा मिनिटं चाला, साध्या पाण्याचे घोट घ्या, आल्याचा तुकडा चघळा, मग खारट बटाट्यानं पुन्हा सुरुवात करा. गोड लगेच नको.

ओआरएसबद्दल एक गैरसमज असतो. डब्ल्यूएचओच्या प्रमाणाचं जे १ लिटरचं पाकीट मिळतं त्यात ग्लुकोज फक्त साडेतेरा ग्रॅम असतं. त्यातून ताकद येत नाही, मीठ येतं. पूर्ण पाकिटात सुमारे १७०० मिलिग्रॅम सोडियम असतं. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी, असं ठेवा.

पाणी तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर, तहानेप्रमाणे. सरावाला जाण्याआधी आणि आल्यावर उघड्या अंगानं वजन करा. १ किलो घटलं म्हणजे प्यालेल्या पाण्याशिवाय सुमारे १ लिटर घाम गेला. वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं : बोटं सुजतात, अंगठी घट्ट होते, डोकं दुखतं, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, लगेच वैद्यकीय मदत गाठा.

पहाटपळ (टिळकवाडी, बेळगाव)

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आरशासमोर बघितलं, उजवा गुडघा आत वळतोच. व्यायाम आजपासून सुरू.

आणखी दोन गोष्टी विचारतो. बूट आणि काठ्या कशा घ्याव्यात? आणि पावसाळ्यात कणकुंबी-चोर्ला भागात सराव केला तर चालेल का? तिकडचा चढ मोठा आहे म्हणून विचारतोय.

चंदगडची वाट

कणकुंबीकडचं आधी सांगतो. तिकडं भीमगड अभयारण्य आहे, आत वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. पावसाळ्यात धबधब्यांकडच्या वाटांवर बंदीही येते. अस्वल आणि गवा दोन्ही आहेत. पळणारा माणूस आवाज न करता वळणावर अचानक समोर येतो आणि अस्वलाला तेच चालत नाही. अंधारात एकट्यानं नाहीच. दोघं-तिघं बोलत जा, शिट्टी गळ्यात ठेवा.

तुमचा सराव ऑगस्टमध्ये सुरू होईल. तेव्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, शेवाळ धरलेलं असतंय. ओल्या शेवाळावर बुटाचे दात कितीही खोल असले तरी पकडत नाहीत, तिथं रबराचा मऊपणा कामाला येतो. तिथं चाला. लाल चिखलात मात्र ४-५ मिलिमीटरचे दात लागतात. डिसेंबरात पुन्हा वेगळंच : चिखल वाळून वर सुट्टा मुरूम येतो, गवत पिवळं होऊन वाटेवर आडवं पडतं. पायाखाली मोहरी सांडल्यासारखं होतं. पाऊल सपाट टाका, टाचेवर नको. ऑक्टोबरनंतरचे रविवार म्हणूनच महत्त्वाचे, पावसातल्या सरावावर डिसेंबरचा उतार उतरता येत नाही.

बूट अर्धा नंबर मोठा घ्या. संध्याकाळी, पाय फुगलेले असताना, शर्यतीत घालणार तेच मोजे घालून मापा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी. सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी ओवून तिचं कडं करा आणि दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून घेऊन आवळा. टाच बसून राहते आणि उतारावर बोटं पुढे आदळत नाहीत. नखं काळी पडतात ती या आदळण्यानं. नखं चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. बूट शर्यतीआधी किमान ८०-१०० किमी वापरलेले असावेत.

फोडांचं : चटका जाणवला त्याच मिनिटाला थांबून कोरडं करून चिकटपट्टी लावा. दोन मिनिटं वाचवायला गेलात की पुढे तास जातो. मांड्यांच्या आतून, काखेत आणि छातीवर व्हॅसलीन.

काठ्यांबद्दल, १८०० मीटरला त्या लागतातच असं नाही. गुडघ्यावरचा भार थोडा कमी होतो हे खरं. पण आपल्याकडच्या जांभ्याच्या भोकांत काठीचं टोक अडकतंय, तुम्ही पुढे गेलेले असता आणि काठी मोडते किंवा मनगट पिरगळतं. घ्यायच्याच असतील तर टोकाला रबराची टोपी लावा, उतारावर मनगटाचा पट्टा काढून ठेवा, आणि आयोजकांच्या नियमात बसतात का ते आधी बघा.

फुरसं या सड्यांवर असतंय, दगडावर हात टेकण्याआधी बघा. दंश झालाच तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नको. पाय हलवू न देता दवाखाना गाठायचा. १०८ ला फोन लावताना एक लक्षात ठेवा : चोर्ल्याच्या बाजूला टॉवर कधी कर्नाटकाचा, कधी गोव्याचा, आणि माझ्या चंदगडकडे महाराष्ट्राचा. फोन दुसऱ्याच राज्याच्या केंद्राला लागू शकतो. म्हणून आधी राज्य, मग तालुका, मग गाव सांगा.

जांबोटी_रोड

काठ्यांबद्दल थोडं वेगळं मत. गुडघा आधीच कुरकुरत असेल तर घ्याव्यात, पण चढासाठी. चढावर हातांनी थोडं काम केलं की मांड्या उतारासाठी शिल्लक राहतात. उताराला लागलात की घडी घालून पिशवीला अडकवा. मात्र किमान सहा-सात रविवार त्या घेऊन सराव झाला पाहिजे, नाहीतर पायातच येतात.

पिशवीत काय घ्यायचं त्याची यादी आयोजक देतात, ती अक्षरशः पाळा. वाटेत तपासतात आणि एखादी वस्तू नसली तर बाद करू शकतात. साधारणपणे दीड लिटर पाण्याची सोय, शिट्टी, डोक्याला लावायचा दिवा, चंदेरी आपत्कालीन चादर, वाऱ्याचं जाकीट, स्वतःचा पेला, पट्ट्या. दिव्याची बॅटरी नवी घाला, सुटण्याची वेळ पहाटेची असते आणि पहिला तास अंधारातच जातो. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर असला तरी जीपीएस चालतं आणि चार्जिंग टिकतं. दहा मिनिटांत खुणेची एकही फीत दिसली नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या फितीपर्यंत मागे या. मेंढरांच्या वाटा आणि खऱ्या वाटा सारख्याच दिसतात.

फिजिओताई

काठ्यांचं जांबोटी_रोड म्हणतात ते तुमच्या गुडघ्याला लागू आहे.

पळत उतरणं परत कधी सुरू करायचं तेवढं सांगून ठेवते. पायरीवरून उतरण्याचा व्यायाम १२ चे ३ संच दुखल्याशिवाय सलग आठवडाभर झाला, की राजहंसगडाच्या रस्त्यानं एकच फेरी पळत उतरा. पायवाटेनं नको. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना बघा. काही नसेल तर पुढच्या रविवारी दोन फेऱ्या, त्याच्या पुढच्या रविवारी एक रस्त्यानं आणि एक पायवाटेनं. दुखलं तर एक पायरी मागे या, व्यायाम चालू ठेवा. ऑगस्टच्या मध्याला सुरू केलंत तर सप्टेंबरअखेर पायवाटेवर पळत असाल आणि मोठ्या उतारांना पुढचे सात-आठ रविवार मिळतील.